काळी गोटी

आमच्या शिवण कारखान्यात सुटी झाली की फाटकावर कापडी पिशवीत हात घालून गोटी काढावी लागायची. पांढरी आली तर घरी, काळी आली तर झडती. त्या संध्याकाळी माझ्या हाती काळी आली, आणि समोर नवा पहारेकरी. "डबा उघडा," म्हणाला... पण बघत होता माझ्या केसांकडे. "कापूस अडकलाय."

"मग त्याचीही झडती घ्या," मी म्हटलं.

हसला नाही. कान मात्र लाल झाले.

मग रोजच दोन शब्द होऊ लागले. शाळा मी तिसरीत सोडली, पण जिभेला कुठे शाळा लागते? मी त्याला विचारलं, भोंगा झाल्यावर आम्ही दोनशे बायका पाऊण तास या रांगेत उभ्या, त्याचा पगार कोण देतं? कोणी नाही, म्हणाला. मग ही चोरी नाही का? त्याने पिशवी पुढच्या बाईसमोर धरली. मालकाच्या गाडीची झडती का नाही? तसा नियम नाही, म्हणाला. नियम लिहिला कोणी? मालकांनी.

"मग ते स्वतःची गाडी कशाला अडवतील?"

तो पिशवीतल्या गोट्या चाळवू लागला. "तुमचं बोलणं दिवसभर डोक्यातून जात नाही."

"बोलणं... की मी?" विचारून बसले, आणि उत्तराला न थांबता चालू पडले.

पुढे बहिणीला बाळ झालं. भट्टीत जाळायला काढलेली मूठभर मऊ कात्रणं मी दुपट्यासाठी डब्यात घेतली. नेमकी काळी आली. कात्रण सापडलं की वहीत नोंद, नोंद झाली की काम गेलं, वर पोलीस. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, कमावती मी एकटी.

त्याने डबा उघडला, पाहिलं, झाकण लावलं. "काही नाही यात. जा," हळूच म्हणाला.

जीव भांड्यात पडला... पण मागे रांग बघत होती. मी मागच्या बाईकडे बोट केलं.

"उद्या हिच्या डब्यात सापडलं, तर हिलाही सोडाल?"

त्याने रांगेकडे पाहिलं.

"मग लिहा."

त्याने लिहिलं — काय सापडलं: जाळायची कात्रणं, एक मूठ. कोणाकडे: माझं नाव. आणि त्याखाली, कोणी न सांगता, दुसरी ओळ. काय सापडलं: दोनशे जणींचा पाऊण तास, रोजचा. कोणाकडे: मालक.

वहीच्या पानांवर छापील क्रमांक, त्यामुळे पान फाडायची सोय नाही. मला पोलिसांत द्यायचं तर तेच पान दाखवावं लागणार. ऑफिसातल्या साहेबांनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि वहीच हरवल्याचं जाहीर केलं. वही नाही, म्हणून नोंद नाही. माझं काम राहिलं. वही हरवली म्हणून पहारेकऱ्याला मात्र काढलं. कायदेशीर.

संध्याकाळी तो समोरच्या सायकल दुकानाच्या पायरीवर बसला होता. मी रस्ता ओलांडून त्याच्यापुढे उभी राहिले.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "पण आता नोकरीच नाही... कुठल्या तोंडाने विचारू?"

"आहे त्याच तोंडाने. दुसरं कुठून आणणार?"

त्याने विचारलं. तेवढ्यात एक ट्रक खडखडत गेला.

"ऐकू नाही आलं," मी म्हटलं. "पुन्हा बोला."

सगळं नीट ऐकू आलं होतं.