नकाशाबाहेरचा कोळी

दुपारचं ऊन चष्म्यांच्या काचांतून भिंतीवर सांडलं होतं. दुकानात ती एकटीच होती... तेवढ्यात तो आत आला. हातात इवलीशी बाटली, चेहरा पार पडलेला.

"एक चांगलं भिंग मिळेल? माझं आत्ताच फुटलं."

"बाटलीत काय आहे?"

"कोळी. पण जाळं विणणारा नाही हं, उडी मारून शिकार करणारा."

ती दचकली नाही. उलट वाकून पाहू लागली. तांदळाच्या दाण्याएवढा जीव, पाठीवर पांढरा पट्टा, पोटावर दोन केशरी ठिपके. तोही टकामका तिच्याकडेच बघत होता!

"डोळे किती याला?"

"आठ."

"अगंबाई! मग याचा चष्मा महाग पडेल."

तो खळखळून हसला. ती मात्र पुसलेलीच काच पुन्हा पुसत राहिली...

संग्रहालयात कोळ्यांच्या जाती ओळखणं हे त्याचं काम. मग तो रोजच येऊ लागला. जाडजूड पुस्तकावर दोघं वाकली की तिच्या बटा पानावर यायच्या आणि त्याचं वाचन अडखळायचं.

"खुणा तंतोतंत जुळतात," तो म्हणायचा, "पण नकाशात ही जात फक्त डोंगरापलीकडे. एकटा नर काय, कुणाच्या सामानातूनही आला असेल."

"पोरी," बाबा एकदा मिश्कीलपणे म्हणाले, "या गिऱ्हाइकाचा नंबर रोज बदलतो की काय?"

ती लाजून चूर झाली. पण सोमवारी तो वर्षभरासाठी डोंगरापलीकडे निघणार होता, त्याच कोळ्याच्या शोधात.

रविवारी सकाळी दुकानाच्या खिडकीत तिला त्याच जातीची मादी दिसली, पुस्तकातल्या चित्रासारखीच. करडी, फिकट पट्ट्याची, रेशमी पिशवीतली अंडी राखत बसलेली. ही जात इथलीच निघाली तर... तो कशाला जाईल? ती धावतच संग्रहालयात गेली.

तो आला, खिडकीशी गुडघे टेकून कितीतरी वेळ बघत राहिला. "अंडी! म्हणजे इथंच नांदतात की ही!"

"मग... जाणं रद्द?"

"नाही हो. आता तर दोन्हीकडचे कोळी ताडून बघायला जावंच लागेल."

"छान," ती म्हणाली. आणि पुसलेलीच काच पुन्हा पुसू लागली.

तो उठून उभा राहिला. "कोळ्याची जात मी पाठीवरून सांगतो. तुमच्या मनातलं मात्र... काही केल्या ओळखता येत नाही. म्हणून विचारूनच टाकतो. माझी वाट बघाल?"

तिने डोळे टिपले. मग हसली.

"बघाल काय... बघशील म्हण."