एक्स्चेंजला दिलेली गाडी

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण यातला शब्दन् शब्द खरा आहे. माझ्या सख्ख्या मावशीबरोबर घडलंय हे. आणि तेही रात्री-अपरात्री नाही. गुरुवारी, दुपारी चार वाजता, भर उन्हात.

मावशी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. जाऊन-येऊन रोज साठ किलोमीटर. काका गेल्यावर त्यांची जुनी गाडी तिच्या गळ्यात पडली. अ‍ॅव्हरेज लिटरला नऊ! शेवटी तिने ठरवलं, ही एक्स्चेंजला द्यायची आणि कमी पेट्रोल पिणारी छोटी घ्यायची.

काका पेट्रोलच्या बाबतीत महाचिक्कट. सिग्नल लाल झाला की गाडी बंद. मग उलटे आकडे मोजत बसायचे आणि तीनवर आले की किल्ली फिरवायचे. मावशी चिडायची, "अहो, लोक हसतात!"

ते गेले तेव्हा मावशी रडली नाही. नंतरही नाही. सगळे म्हणाले, किती खंबीर. ती म्हणायची, "खंबीर कसली, मला काही जाणवतच नाही."

तर त्या गुरुवारी शोरूममधला जुन्या गाड्या तपासणारा माणूस गाडी चालवून बघायला निघाला. मावशी शेजारी बसली.

पहिला सिग्नल. लाल.

इंजिन थांबलं...

"जुनी आहे, चालायचंच," तो म्हणाला.

पण गाडी बंद पडली नव्हती... किल्ली फिरली होती.

दोघांनीही पाहिलं. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. मावशीचे मांडीवरच्या पर्सवर.

सिग्नलवरचे आकडे उतरत होते. सहा... पाच... चार...

तीन.

किल्ली आपोआप वळली. गाडी सुरू झाली.

दुसऱ्या सिग्नललाही तेच.

तो पांढराफटक पडला. "ताई, हे तुम्ही करताय का?"

"नाही."

"मग कोण?"

मावशीने पर्समधून गाडीचे कागद काढले. मला नंतर म्हणाली, "भीती वाटायला हवी होती गं. नाही वाटली. एवढंच मनात आलं, की हे काम आजच उरकायला हवं, उद्या रजा मिळणार नाही."

शोरूमला परतल्यावर त्याने घाईघाईने कागद पुढे केला. त्यात एक ओळ असते, 'गाडीत माझं काहीही शिल्लक नाही.' डिकी बघायची, कप्पे बघायचे आणि सही करायची. मावशीने सगळं रिकामं केलं. ड्रायव्हरच्या सीटकडे मात्र तिने पाहिलं नाही.

सही केली. नवीन गाडी घेऊन घरी आली. जेवली. झोपली.

आठ दिवसांनी त्या माणसाचा फोन आला.

"ताई... तुमची गाडी आमच्या मागच्या आवारात उभी आहे. किल्ली माझ्या टेबलाच्या खणात. टाकीतलं पेट्रोलसुद्धा काढलंय."

"बरं."

"तरी ती रोज चालू होते... संध्याकाळी साडेपाचला. तासभर."

साडेपाचला मावशीची ड्युटी सुटते. वीस वर्षं काका तिला न्यायला गेटपाशी येऊन थांबायचे. अर्थात, इंजिन बंद करून. त्यांनी उगाच इंजिन चालू ठेवलंय, असं एकदाही झालं नव्हतं.

"तुमचं काही राहिलंय का हो गाडीत?" त्याने विचारलं.

मावशी "नाही" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

हे ऐकून मी म्हणाले, "मावशी, एकदा जाऊन तरी ये."

"जाऊन काय सांगू त्यांना?" पेशंटला 'श्वास रोखा' सांगते, त्याच आवाजात ती म्हणाली. "आत कोण आहे, ते मला पहिल्या सिग्नललाच कळलं होतं. कळलं होतं गं. तरी मी सही केली."

गाडी अजून विकली गेलेली नाही. शोरूम माझ्या ऑफिसच्या वाटेवरच आहे. हल्ली मी साडेसहा वाजून गेले तरी ऑफिसात टेबलापाशीच बसून राहते, आणि घरी लांबच्या रस्त्याने जाते.