मिरवणुकीतली शेवटची बत्ती

विश्वास ठेवा, नका ठेवू. माझी आत्या, शामकला, कधी खोटं बोलली नाही, आणि हे तिच्यासोबत घडलं आहे.

जानेवारी १९४९. गोंदिया.

काश्मीरची लढाई थांबल्याची बातमी आली होती. नागपूरला कॉलेजात शिकणारी पोरं गावात होती, त्यांनी मिरवणूक काढायचं ठरवलं. बँड, पताका, बुंदीचे लाडू.

आत्या दिवसभर जवळच्या फुलचूरला, आपल्या गावी, धानाच्या खळ्यावर राबली होती. पाठीत चमक भरली होती. तरी दिवेलागणीला ती आलीच, कारण गॅसबत्त्या भाड्याने देणाऱ्या नंदलालने मजुरी आणि वर लाडू कबूल केले होते.

"शामकला, तू सबसे पीछे चल. मागं अंधार नको," तो म्हणाला.

डोक्यावर चुंबळ. चुंबळीवर पेटती बत्ती.

बत्ती डोक्यावर असली की मान वळवता येत नाही. काच हलते, तेल सांडतं.

तिचा धाकटा भाऊ चैतराम फौजेत होता. दिवाळीपासून त्याची काहीच खबर नव्हती. पुढे पोरं जयजयकार करत होती. ती फक्त एकेक पाऊल उचलत होती.

बाजार मागे पडला. मिरवणूक मैदानाकडे वळली. दमल्यामुळे आत्या मागे राहिली.

बँडचा आवाज लांब गेला...

आणि मग तिला मागून बूट ऐकू आले.

जड. नाल ठोकलेले. फरफटत येणारे.

ती थांबली.

बूटही थांबले.

"कोण हाय जी?"

 फक्त बत्तीची फुसफुस.

ती चालू लागली. बूटही चालू लागले.

"बाई... जरा हळू चाल ना. लय थकलो आमी."

आवाज आपल्याच मुलखातला. भीती थोडी कमी झाली. फौजेतून सुटून आलेले शिपाई असतील, असं तिला वाटलं.

"कोणत्या गावचे तुमी?"

"कुडवा," एक म्हणाला.

"गोरेगाव," दुसरा.

दोन्ही गावं गोंदियाजवळचीच.

"फुलचूरचा हाय का कोणी? चैतराम?"

सगळे बूट एकदम थांबले.



"तो मागं हाय, बाई. हळू येऊन राहिला."

आत्याने दोन्ही हातांनी बत्ती धरली आणि ती वळली. अख्खी वळली.

रस्ता रिकामा होता.

कोणी नाही. धुरळासुद्धा नाही.

तेवढ्यात मैदानाकडून नंदलाल ओरडत आला. "एकटी काऊन उभी हायेस? कोणासंगं बोलून राहिली?"

तिने बत्ती खाली ठेवली. मजुरी न घेताच ती फुलचूरला गेली.

दोन महिने ती रडली. मागं हाय म्हणजे काय, ते तिने आपल्या मनाने ठरवून टाकलं होतं.

पण चैतराम परत आला.

जिवंत. एक पाय अधू, गालफडं बसलेली.

तो माझा बाप.

आत्या त्याच्या गळ्यात पडली. चूल पेटवली, भात टाकला. त्या संध्याकाळची गोष्ट तिने त्याला सांगितली नाही. आधी तो पोटभर जेवू दे, असं तिला वाटलं.

तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं.

त्याने हात लावला नाही. कवाडाकडे बघत राहिला.

"बाई, अजून ताटं वाढ."

"कोणाले रे?"

"कुडव्याचा हाय, गोरेगावचा हाय... मागून येऊन राहिले."

आत्या उठली. घरात होती नव्हती तेवढी ताटं काढली आणि भात वाढला.

"तुला भीती नाही वाटली?" मी एकदा तिला विचारलं.

ती आपले पाय चेपत होती.

"दमून आलेल्या माणसाले हाकलते का कोणी, बाबू?"

सकाळी ती ताटं कशी होती, ते तिने कधी सांगितलं नाही.

बाबा आता नाहीत. आत्या आहे. पण मला अजून विचारायचा धीर होत नाही.