पूर्वकौशल्य : निरंक

अर्जातल्या सातव्या रकान्यावर केतकी दुधाणेचं बोट थांबलं, तेव्हा डॉ. शिरीन इनामदार तिला समतलयंत्र समजावून सांगत होत्या आणि कोपऱ्यात दामोदर लोहोकरे ज्योतीवर काचेची नळी फिरवत खोकत होते.

नाशिकबाहेरच्या हस्तविद्या संशोधन केंद्रातली ही प्रयोगशाळा. पुंजसंगणकाला, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरला, लागणाऱ्या निर्वात कुप्या हाताने बनवणारे लोहोकरेकाका हे शेवटचे कारागीर. यंत्रांना ते काम साधलं नव्हतं. तापलेली काच क्षणाक्षणाला स्वभाव बदलते आणि यंत्र आपलं ठरल्याप्रमाणे वागत राहतं. काकांची फुप्फुसं थकली होती. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले होते. म्हणून ही इंटर्नशिप निघाली होती. काका तिला जुन्या सवयीने उमेदवारीच म्हणत.

"हातांना स्वतःची आठवण असते, हस्तस्मृती," डॉ. शिरीन म्हणाल्या. "दोन माणसांचे हात या यंत्राने जोडले की ती भरलेल्या बाजूकडून रिकाम्या बाजूकडे वाहते. दोन हौद नळीने जोडावेत तशी. सोळा दिवसांत पातळी सारखी होते."

"म्हणजे काकांची अर्धी विद्या जाणार?"

"जाणार. नक्कल होत नाही, फक्त जागा बदलते. शिवाय एकेक लकब जाते ती अख्खी, राहते तीही अख्खी. कुठली जाईल, ते मात्र कुणाच्याच हातात नाही."

"मला मेल्यावर तिचं काय लोणचं घालायचंय?" काका कोपऱ्यातून म्हणाले. "मला नुसती फुंकणी धरायला सात वर्षं लागली. या बाईसाहेब सोळा दिवसांत उस्ताद होणार. घोर कलियुग!"

डॉ. शिरीन हसल्या. केतकी हसली नाही. सातव्या रकान्यात आधीच छापलेलं होतं : उमेदवाराचे पूर्वकौशल्य – निरंक.

"मॅडम, माझा हौद जिथे भरलेला असेल तिथलं काय?"

"अगं, तू तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. तुझ्या हातात असं काय..."

"मी खुणांची भाषा बोलते. आई जन्मापासून बहिरी आहे. घरात आम्ही दोघीच."

डॉ. शिरीननी चष्मा काढला. मग उठून त्यांनी गेल्या वर्षीची फाईल काढली. लाकडी कोरीवकामाच्या इंटर्नशिपला आलेल्या मुलाने शेवटी लिहिलं होतं, "ढोलकी आता हातात बसत नाही." त्याखाली डॉ. शिरीनच्याच अक्षरात शेरा होता : सरावाचा अभाव. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा त्यांनी फक्त कोरीवकाम मोजलं होतं. विद्यार्थी म्हणजे कोरी पाटी, हे इतकं गृहीत होतं की पाटी उलटून बघायचं एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

"त्याला परत आली का ढोलकी?"

"वर्षभर शिकतोय. येत नाही. उपसलेली जागा सरावाने भरत नसावी." त्यांचा आवाज उतरला होता. "आणि तुझ्यापासून लपवत नाही. समोरच्याची खूण कळते तीही हातांमुळेच. बघताना आपले हात आतल्या आत ती करत असतात. खूण गेली की कळणंही गेलं. उद्या अकरापर्यंत सांग. नाही म्हणालीस तर मी तुला दोष देणार नाही."

दोष देणारी माणसं दुसरीकडे बसली होती. इंटर्नशिपच्या दाखल्याशिवाय पदवी नाही, असा विद्यापीठाचा नियम. हा नियम झाला तेव्हा इंटर्न घेणारी कार्यालयं होती. आता तिथे यंत्रबुद्धी बसली होती आणि तिला हाताखाली कुणी लागत नव्हतं. केतकीला एक्केचाळीस ठिकाणांहून नकार आले होते. बेचाळिसावं हे. मुदत संपायला महिना राहिला होता. शिवणयंत्रं स्वतःच कापून शिवायला लागल्यापासून आईचं काम बंद होतं, आणि घराचे डोळे केतकीच्या पदवीकडे लागलेले. आगीतून उठून फुफाट्यात जायचं, की आगीतच बसून राहायचं, एवढीच काय ती निवड.

घरी आई दारातच उभी होती. तिने हनुवटीवर बोट टेकवून किंचित फिरवलं. हे केतकीचं नाव. लहानपणी हनुवटीला पडणाऱ्या खळीवरून आईने ठेवलेलं. मग अंगठा मनगटावर दाबला : जेवलीस का? ही खूण कुठल्याच पुस्तकात नाही. मायलेकींच्या निम्म्या खुणा अशा घरातच जन्मलेल्या होत्या, त्यामुळे उद्या शिकवणी लावून त्या परत मिळण्यातल्या नव्हत्या. आणि आईला अक्षरओळख नसल्याने चिठ्ठ्यांवरही भागणार नव्हतं.

केतकीने खोटं बोलायचं ठरवलं होतं. पण तिचे हात उचललेच गेले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. यंत्र, हौद, ढोलकी, सगळं.

आईने हातातलं पातेलं ओट्यावर आपटलं. स्वतःला ऐकू न येणारा तो आवाज केतकीसाठी होता.

"माझ्याशी बोलणारं जगात एक माणूस आहे," आईचे हात म्हणाले. मग ती स्टुलावर बसली. केतकी तिच्या पायाशी बसली आणि तिला रडू आवरेना. हो म्हटलं तर आई तुटणार, नाही म्हटलं तर दोघी बुडणार, आणि एकवीस वर्षांच्या मुलीने हे एका सहीत ठरवायचं होतं.

आईने तिचा चेहरा वर केला.

"कर. जगाला माझं कधी पूर्ण कळलंय? मी जन्मभर अर्ध्यात भागवलंय. तुझ्याशीही भागवीन."

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला केतकीने सही केली. डॉ. शिरीननी सातव्या रकान्यातलं 'निरंक' स्वतः खोडलं आणि वर 'खुणांची भाषा' असं लिहिलं. त्याने यंत्राला काही फरक पडणार नव्हता.

रोज चाळीस मिनिटं काका आणि केतकी समोरासमोर बसत. त्यांच्या हातांवर जाळीचे मोजे असत. चौथ्या दिवशी काच केतकीच्या बोटांना ओळखीची वाटू लागली. काकांच्या हातून नळ्या निसटू लागल्या. "जाताना रिकाम्या हातानेच जायचं असतं," असं म्हणून ते चहा प्यायचे. दहाव्या दिवसापासून ते सारखे हनुवटीला बोट लावत. दाढीला खाज सुटते, म्हणायचे. इकडे घरी आईची वाक्यं केतकीला फाटल्यासारखी दिसू लागली होती. आई खुणा सावकाश करायची, पुन्हा करायची आणि मग हसून सोडून द्यायची. त्या हसण्याची केतकीला भीती वाटायची.

सोळाव्या दिवशी केतकीने ज्योतीवर एकटीने निर्वात कुपी ओढली. डॉ. शिरीननी तपासली. कुठेही खोट नव्हती. दाखला तयार होता आणि आईला मुद्दाम बोलावलं होतं.

आई शंकरपाळ्यांचा डबा घेऊन आली. कुपी उजेडात धरून तिने पाहिली. मग तिने लेकीकडे बघून हनुवटीवर बोट टेकवलं आणि किंचित फिरवलं.

केतकीने चटकन स्वतःची हनुवटी पुसली. काजळी लागली असेल, असं तिला वाटलं.

आईने पुन्हा तेच केलं. केतकीने पुन्हा पुसली, या खेपेस ओढणीने.

"अगं, पुसतेस काय?" मागून काका म्हणाले. "हाक मारतेय ती तुला. नाव आहे ते तुझं."

बोलता बोलता त्यांचं बोट स्वतःच्या पांढऱ्या खुंटांवर टेकलं होतं आणि किंचित फिरलं होतं. अगदी आईसारखं. काका आपल्याच बोटाकडे बघत राहिले. डॉ. शिरीन खुर्चीत बसल्या. "जागा बदलते," त्या पुटपुटल्या. "मीच सांगितलं होतं, फक्त जागा बदलते."

आई काकांकडे वळली. तिचे हात भरभर चालू लागले आणि काकांचे हात अडखळत उत्तरं देऊ लागले. केतकीला मधलं एखादंच कळत होतं : पाणी, मुलगी, नको. मग आईने तिच्याकडे बघून अंगठा मनगटावर दाबला.

"काका, काय म्हणतेय?" केतकीने त्यांची बाही धरली. "सांगा ना, काय म्हणतेय ती?"

"विचारतेय, जेवलीस का."

"सांगा तिला, जेवले."

काकांनी हात उचलला, पण तेवढ्यात त्यांना खोकल्याची उबळ आली. त्यांच्या हातांकडे बघत दोघी उबळ थांबायची वाट पाहू लागल्या.