ओदिलचं कार्ड

मार्गिलान शहरातल्या त्या गल्लीत संध्याकाळी बाकावर सासवा जमल्या की होसियतची पंचाईत व्हायची. सुनेबद्दल सांगायला तिच्याकडे तक्रारच नसायची. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई ती, कौतुक करायलाही तिला पुरावा लागे. आणि पुरावा तर शिवणघराच्या भिंतीवर रोज दिसत होता.

सुनेने, महलियोने, तिथे जुना टीव्ही टांगून त्यावर आपला बोर्ड लावला होता. तीन रकाने: करायचं, चालू आहे, झालं. प्रत्येक कामाचं एक कार्ड. नवरीचा रेशमी झगा, बटणांची खरेदी, सासूच्या रक्तदाबाच्या गोळ्या, अंगणातले वाळत घातलेले जर्दाळू, सगळं एकाच ठिकाणी. काम पुढे गेलं की ती मोबाइलवर बोटाने कार्ड सरकवायची आणि भिंतीवरही ते सरकायचं. शुक्रवारी दुपारची अजान झाली की 'झालं'चा रकाना आपोआप रिकामा होई. तसं तिनेच लावून ठेवलं होतं. पूर्वी ज्या घरात वेळेला कात्री सापडायची नाही, तिथे आता कुणी कुणावर आवाज चढवत नव्हतं. शेजारणी म्हणत, होसियतने सून नाही, कारखानदारीण आणली. होसियतला ते फार आवडायचं.

एकच कार्ड हलत नव्हतं. 'ओदिलने घरी यायचं.' होसियतचा मुलगा, महलियोचा नवरा, उत्तरेला रशियात इमारतींच्या कामावर गेला होता. निघताना रीतीप्रमाणे त्याने रोटीचा एक घास दातांनी तोडला आणि उरलेली रोटी आईने फडक्यात गुंडाळून खिळ्याला टांगली. परत येऊन त्यानेच ती संपवायची. हिवाळ्यापासून त्याचा फोन बंद होता. मुकादम म्हणत होता, असा माणूस आमच्याकडे नाहीच. कार्ड 'चालू आहे'मध्ये होतं आणि महलियो रोज सकाळी सगळ्यात आधी त्याच्याकडे बघायची.

विचित्र प्रकार उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाला. शिवणकाम करणारी साओदत तापाने घरी पडली आणि नवरीच्या झग्याच्या बाह्या राहून गेल्या. महलियोच्या बोटाने चुकून तेच कार्ड 'झालं'मध्ये गेलं. दुसऱ्या दिवशी झगा बाह्यांसकट खुंटीवर होता. टाका साओदतचाच, लगेच ओळखू येणारा. तिची आई शपथेवर सांगत होती की पोर अंथरुणातून उठलेली नाही. होसियतने कुलूप तपासलं, किल्ल्या कुणाकुणाकडे असतात ते विचारलं आणि शेवटी म्हणाली, कारण सापडत नाही म्हणजे कारण नाही असं नव्हे. नवरी तो झगा घालून लग्नात नाचली. शुक्रवारी दुपारनंतर तिने संदूक उघडली तर आत फक्त घडीत ठेवलेला कागद होता.

महलियोने कुणाला दोष दिला नाही. नवा झगा स्वतःच्या हाताने शिवून दिला आणि त्यानंतर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही कार्ड पुढे ढकललं नाही. होसियतने मनातल्या मनात तिला पैकीच्या पैकी गुण दिले.

पण आईचं मन गणितावर चालत नाही. एका शनिवारी ती सुनेला म्हणाली, "पोरी, ते एक कार्ड सरकव ना."

"नाही, आई."

"झगा आला होता."

"आला आणि गेलाही. जे मी शिवलं नाही, त्याला मी झालं म्हणणार नाही."

"तुझं काय जातंय? तुला दुसरा मिळेल. मला दुसरा मुलगा कुठून मिळायचा?"

बोलून गेल्यावर होसियतला स्वतःचीच लाज वाटली. मोबाइल तिथेच ठेवून महलियो जर्दाळू उलटायला अंगणात गेली. तो विसरून राहिला की मुद्दाम ठेवला, हे होसियतला पुढेही कधी कळलं नाही. तिने बोट टेकवलं आणि कार्ड 'झालं'मध्ये सरकवलं.

तासाभरात फाटक वाजलं. ओदिल होता. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि त्याच्या अंगावर जाड कोट, बुटांवर बर्फ. गाडी उशिरा आली, एवढंच म्हणाला. खिळ्यावरची रोटी काढून त्याने चहात बुडवून सगळी संपवली. होसियत त्याचे हात धरून पोटभर रडली. हात गार होते. गरम पेला धरूनही ते गारच राहिले.

तो आठवडा सुखाचा गेला. शुक्रवारी सकाळी महलियो पांढरीफटक होऊन सासूकडे आली.

"आई, अजान व्हायच्या आत कार्ड मागे घ्यायला हवं. रकाना रिकामा झाला, तर सरकवायला काही उरणारच नाही."

होसियतने मान डोलावली.

कार्ड 'चालू आहे'मध्ये गेलं. ओदिल जेवणावरून उठला. कोट चढवला, बूट घातले.

"येतो," म्हणाला.

शनिवारी महलियोने स्वतःच कार्ड पुढे सरकवलं. फाटक वाजलं. बुटांवर बर्फ. गाडी उशिरा आली होती. खिळ्यावर रोटी होती, एक घास तोडलेली.

त्यानंतर एकही शुक्रवार चुकला नाही. गल्लीत कुणी विचारलंच तर, त्याची नोकरीच तशी आहे, असं सांगायचं ठरलं. टीव्ही बदलला, मोबाइल बदलले, शिवणघर शेजारच्या दोन घरांत पसरलं. होसियतला आता खाटेवरून उठवत नाही, बोर्डही दिसत नाही. पण सून तापाने फणफणलेली असली तरी तिचं बोट वेळेवर सरकतं. अशी पोर लाखात एक, हे ती येईल त्याला सांगते, आणि ते खरंच आहे.

गेल्या शनिवारी फाटक वाजलं तेव्हा महलियो अंगणातच होती. तिचे केस पिकलेत, गुडघ्यांनीही आताशा दगा दिलाय, म्हणून कडी काढायला वेळ लागला. होसियत खाटेवरून कान देऊन ऐकत होती.

"सलाम, मावशी," ओदिल अदबीने म्हणाला. "महलियो घरात आहे का?"



"येईलच ती," महलियो म्हणाली. "बसा तुम्ही. चहा ठेवते."