घास आणि श्वास

"घासाला आणि श्वासाला घशात एकच वाट? असलं शरीर बनवलं कोणी?"

भर पंगतीत ओरूने असं विचारलं आणि शाल्मलीला राग आला. ओरू म्हणजे परग्रहावरचा पाहुणा. तो पाठीवरच्या फटींतून श्वास घ्यायचा, तोंडाने नुसता जेवायचा. माणसाबद्दलच्या अहवालात त्याने 'सदोष' असं लिहूनही टाकलं होतं.

"आमच्या श्वासनलिकेवर (फुप्फुसांत हवा नेणाऱ्या नळीवर) झाकण असतं," शाल्मली ताडकन म्हणाली. "गिळताना ते मिटतं."

"आणि गिळताना हसलात तर?"

ओरूला वेधशाळेत बोलावणारे तिचे शास्त्रज्ञ आबा नेमके हसले. कुमुदआत्याने आग्रह करकरून त्यांच्या तोंडात अख्खा डिंकाचा लाडू कोंबला होता. त्यातली खारीक भलत्या नळीत गेली. हसू थांबलं, खोकलाही येईना. आबांनी दोन्ही हातांनी गळा धरला.

"कोणीतरी आठवण काढतंय!" आत्या त्यांच्या टाळूवर थापट्या मारू लागली. "वर बघा, आबा! पाणी आणा कुणीतरी!"

"पाणी नको!" शाल्मलीने तांब्या बाजूला सारला. "आबा, बोलता येतंय?"

आबांनी नुसती मान हलवली. नाही.

"शालू, मोठ्यांच्या मधे…"

"आत्या, एकशेआठला फोन लाव!"

तिने पाटावर बसलेल्या आबांना पुढे वाकवलं आणि तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने खांद्यांच्या मधोमध पाच सणसणीत धपाटे घातले. खारीक हलेना. आबांचे ओठ निळे पडू लागले. शाल्मलीला रडू फुटत होतं, पण ती हटली नाही. मागे गुडघ्यांवर बसून तिने त्यांच्या बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली मूठ ठेवली, दुसऱ्या हाताने ती धरली आणि झटक्यात आत-वर ओढली. पुन्हा. पुन्हा. चौथ्या झटक्याला खारीक ताटात येऊन पडली आणि आबांनी श्वास घेतला.

"हे कसं केलंस?" ओरूने विचारलं.

"फुप्फुसांत थोडी हवा उरलेली असते," डोळे पुसत ती म्हणाली. "पोट दाबलं की श्वासपटल (फुप्फुसांखालचा स्नायूंचा पडदा) वर जातं आणि हवा अडकलेला घास ढकलते. रिकामी बाटली दाबल्यावर बूच उडतं ना, तसं. नाही निघाला तर पुन्हा पाच धपाटे, पाच झटके. जोरात खोकता येत असेल, तर मात्र खोकूच द्यायचं. आणि वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट कधीच दाबायचं नाही. आबा, आता डॉक्टरांकडे चला. पोट दाबलंय, तपासायला हवं."

"पण वाट एकच, हे खरं ना?" ओरूने हेका सोडला नाही.

"असू दे एकच! पाठीशी माणूस असतं आमच्या. लिहा तेही!"

ओरूने 'सदोष' खोडलं नाही. त्यापुढे बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि मग तो हळूच म्हणाला, "शाल्मली, मलाही शिकव. उद्या माणसं आमच्याकडे जेवायला येतील."