तांब्यावरच्या सहा खाचा

दर विजयदिनी चिंचेने घासून लखलखीत केला जाणारा तोफगोळ्याचा तुकडा आजोबांनी स्मारकावरून आणून टेबलावर ठेवला.

"शलाका, हा कुणाच्या तोफेतून आला?"

"शत्रूच्या. स्मारकावर तशी पाटीच आहे."

"पाटीला पुरावा लागत नाही. खिळा लागतो."

साल २०७४. चाळीस वर्षांपूर्वी ओढ्यापलीकडच्या लोकांशी झालेल्या लढाईत गावातल्या शाळेवर गोळा पडून एकोणीस मुले मेली होती. हा तुकडा त्याच गोळ्याचा. दोष पलीकडच्या लोकांवर आला आणि त्यांना तारेमागच्या छावणीत कोंडण्यात आले. शलाकाची तारेआडून जमलेली मैत्रीण ईला तिथेच जन्मली. त्या लोकांना घरी परतू द्यायचे की कायमचे दूर धाडायचे, हे आज दुपारी तीन वाजता समिती ठरवणार होती.

"स्फोटक शिल्लक नाही. हात लावा," पारखी नावाच्या यंत्रमानवाने तपासून सांगितले.

"आणि असा तुकडा रानात दिसला तर?" आजोबांनी विचारले.

"हात लावायचा नाही. मोठ्यांना सांगायचं," शलाका म्हणाली.

"छान. मोठ्यांनीही एवढं पाळलं असतं तर!" आजोबा धातुशास्त्रज्ञ होते; त्यांनी तुकड्यावरच्या तांब्याच्या पट्ट्याकडे बोट दाखवले. "तोफेच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात. गोळा सुटताना त्याच्या बुडाचा हा मऊ पट्टा त्यांत दाबला जातो आणि गोळा गरगर फिरतो. फिरता भोवरा कोलमडत नाही, तसा फिरता गोळाही हवेत भरकटत नाही. माणूस भोवऱ्यापासून काय काय शिकतो, बघ! तर नळीत जितक्या खाचा, तितक्याच पट्ट्यावर उमटतात."

"पण हा तर लहानसाच तुकडा आहे."

"फुटक्या बांगडीवरून अख्खी बांगडी काढता येते."

शलाकाने तुकड्याची कमान कागदावर गिरवली. तिच्यावर दोन जीवा (वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणाऱ्या रेषा) आखल्या. त्यांचे लंबदुभाजक (रेषेला मधोमध काटकोनात छेदणाऱ्या रेषा) जिथे भेटले, तो वर्तुळाचा केंद्रबिंदू. व्यास भरला एकशे पाच मिलिमीटर.

"दोन्ही बाजूंच्या तोफा एकशे पाचच्याच होत्या," पारखी म्हणाला.

शलाकाचा चेहरा उतरला.

"व्यास सारखा, पण खाचा सारख्या नाहीत," आजोबा म्हणाले. "त्यांच्या तोफेत अठ्ठेचाळीस, आपल्या तोफेत छत्तीस. तुकडा वर्तुळाचा कितवा भाग आहे?"

"केंद्रापाशी कोन साठ अंशांचा, तेव्हा सहावा. म्हणजे त्यांचा असेल तर आठ खाचा, आपला असेल तर..."

तिने सुईच्या टोकाने मोजल्या. सहा.

"चाळीस वर्षं आपण आपल्याविरुद्धचा पुरावा भक्तिभावाने घासून उजळत आलो," आजोबा शांतपणे म्हणाले. "मोजला मात्र कुणी नाही."

समितीचे अध्यक्ष रंगनाथराव यांची धाकटी बहीण त्या एकोणीस मुलांत होती. तीन वाजता समितीसमोर सगळे ऐकून ते म्हणाले, "आपली तोफ त्यांनी पळवली असेल."

आजोबांनी जुने विजयपत्रक उघडून वाचले, "'आमची एकही तोफ शत्रूच्या हाती लागली नाही.' खाली सही तुमच्या वडिलांची आहे."

"काका, तुम्हीच मोजा ना," शलाका म्हणाली.

रंगनाथरावांनी चष्मा लावला. नखाने एकदा मोजले, पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा नख सहाव्या खाचेवर थांबले.

"म्हणजे आमच्या यमूला..." त्यांनी परतीच्या आदेशावर सही केली.

छावणीची तार निघाली तेव्हा, कोंडलेल्या तीनशे माणसांपैकी परतायला एकशे बाराच उरली होती. बाकीच्यांना परत आणील असे विज्ञान अजून कुणी शोधलेले नाही.

सोमवारी ईला शाळेत शलाकाशेजारी येऊन बसली. "ते वर्तुळ कसं पूर्ण केलंस गं? मला शिकव."

शलाकाने कंपास तिच्या हातात दिला. "टोक घट्ट रोव हं. केंद्र हललं की सगळंच चुकतं."